कडीला पोट का येतं? गोठ्यावरच्या माळ्याचा हिशेब

आमच्या गावच्या घरामागचा गोठा रिकामा होऊन बरीच वर्षं झाली. गुरं गेली, गव्हाण राहिली. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर मंगलोरी कौलं, आतून लांबी १४ फूट आणि रुंदी १० फूट. आढ्याखाली उंची भरपूर, त्यामुळे तिथे माळा घालायचा हे घरात सगळ्यांना पटलं. कशासाठी, यावर मात्र एकमत नव्हतं. वडिलांना जास्तीची कौलं आणि आंब्याच्या पेट्या ठेवायच्या होत्या. आईला तांदळाची पोती उंदीर-ओलीपासून वर न्यायची होती. आणि गणपतीत चाकरमानी आले की तिघाचौघांना पाठ टेकायला जागा हवी, ही माझी गरज.

सुताराला बोलावलं आणि मी शहाण्यासारखा पहिला प्रश्न टाकला, ‘कड्या किती अंतरावर घालायच्या?’ त्यांनी उत्तर दिलंच नाही. उलट विचारलं, ‘वयर काय ठेवतलास?’

तेव्हा वाटलं, हे टाळताहेत. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की माळ्याचा सगळा हिशेब त्याच प्रश्नापासून सुरू होतो. तो हिशेब इथे मांडतो. गणित जेवढं टाळता येईल तेवढं टाळलंय. पण तीन-चार आकडे लागतीलच.

आधी शब्द एकसारखे करून घेऊ. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारी लाकडं म्हणजे कड्या. त्यांच्यावर आडव्या बसतात त्या फळ्या. खोली रुंद असेल तर कड्यांना मधे आधार द्यायला जो जाड वासा टाकतात तो बहाल किंवा तुळई. जुन्या घरांत खालून वर पाहिलं की कड्या आणि फळ्या एकत्र दिसतात, त्याला आपण कडीपाट म्हणतो.

वर काय ठेवणार?

राहत्या घराच्या जमिनीसाठी आपल्याकडच्या मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात. चौरस फुटात सांगायचं तर साडेअठरा किलो. आमच्या १४० चौरस फुटांच्या माळ्यावर हा भार अडीच टनांहून जास्त होतो. ऐकायला खूप वाटतो, आणि माणसं झोपायला, पेट्या-ट्रंका ठेवायला तो पुरेसाही आहे. अडचण येते ती धान्याची.

तांदळाचं ५० किलोचं पोतं आडवं टाकलं तर साधारण साडेतीन चौरस फूट जागा खातं. म्हणजे पोत्यांचा एक थर चौरस मीटरला दीडशे किलो झाला. दुसरा थर चढवला की तीनशे, तिसरा चढवला की साडेचारशे. घरातली माणसं पोती कधीही पसरून ठेवत नाहीत, एका कोपऱ्यात रचतात. त्यामुळे माळ्याचा उरलेला भाग मोकळा असला तरी त्या कोपऱ्यातल्या तीन-चार कड्या बिचाऱ्या दुप्पट ओझं वाहत असतात. कौलांचंही तेच. एक मंगलोरी कौल दोन ते तीन किलोचं. दोनशे कौलं उभी लावून ठेवली की अर्धा टन झाला, आणि जागा लागते एका पलंगाएवढी. गवत मात्र दिसतं त्याहून खूप हलकं. भाताचा पेंढा माणसाच्या उंचीएवढा रचला तरी पोत्यांच्या एका थराहून फारसा जड होत नाही.

पाण्याच्या टाकीचा विषय निघालाच म्हणून सांगतो. ५०० लिटरची टाकी म्हणजे सात-आठ चौरस फुटांत अर्धा टन. लाकडी माळ्याच्या मधोमध ती नको. ठेवायचीच असेल तर भिंतीला चिकटून, नाहीतर खालून स्वतंत्र चौकटीवर.

आम्ही शेवटी असं ठरवलं: मधला भाग माणसांना, पोती फक्त एका थरात आणि तीही भिंतीलगत, कौलं दोन्ही टोकांना वाटून. कडीच्या टोकापाशी, म्हणजे जिथे ती भिंतीवर टेकते तिथे ठेवलेलं ओझं कडीला फार वाकवत नाही. मध्यावर ठेवलेलं तेच ओझं सगळ्यात जास्त वाकवतं. इतकं साधं आहे, पण आपण नेमकं उलटं करतो; चढल्या चढल्या समोर मोकळी दिसते ती मधली जागा आणि पोतं तिथेच टेकवतो.

मोडत नाही, लवते

लाकडी माळा मोडून पडल्याच्या गोष्टी फार कमी. बहुतेक माळे मोडत नाहीत, लवतात. कडीला पोट येतं, वर चालताना फळी नाचते, खालून माती गळते. म्हणून कडीचं माप ठरवताना ‘तुटेल का’ यापेक्षा ‘किती लवेल’ हा प्रश्न मोठा.

लाकूडकामाच्या मानकात, आयएस ८८३ मध्ये, याची मर्यादा दिली आहे: साधारण कामाला लांबीच्या २४० व्या भागापेक्षा जास्त झोळ नको, खाली जिप्समचं छत, वर लादी असं काही ठिसूळ असेल तर ३६० व्या भागापेक्षा जास्त नको. दहा फुटांच्या कडीला हे अनुक्रमे अर्धा इंच आणि पावणेतीन सूत होतं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरची सवय असलेल्यांनी सव्वातीन मिमी समजावं.)

आता आमच्या गोठ्याचा आकडा पाहा. दहा फुटांची कडी, सोळा इंचांवर एक, भार घरासारखा, लाकूड सागवानाच्या ताकदीचं. २ × ६ इंचाची कडी उभी, म्हणजे सहा इंचांची बाजू उंचीला धरून लावली तर मध्यावर दोन-सव्वादोन सूत लवते. छान. २ × ५ लावली तर अर्धा इंच, म्हणजे अगदी काठावर. २ × ४ लावली तर जवळजवळ एक इंच. ही २ × ४ ची कडी तुटणार नाही बरं का, ताकदीच्या हिशेबात ती कशीबशी बसते. पण वर माणूस चालला की खाली बसलेल्याला कळेल.

दोन इंच उंची कमी झाली आणि झोळ सव्वातीन पटीहून जास्त वाढला, कारण कडीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनावर अवलंबून असतो. उंची दुप्पट तर ताठपणा आठपट. रुंदीचं तसं नाही. रुंदी दुप्पट तर ताठपणा फक्त दुप्पट. म्हणून लाकूड विकत घेताना ३ × ४ आणि २ × ६ यांत घोळ करू नका. दोन्हींत लाकूड तेवढंच, घनफुटाला पैसेही तेवढेच, पण २ × ६ उभी लावली तर सव्वादोन पट ताठ. आणि तीच २ × ६ कोणी निजवून, आडवी लावली तर नवव्या हिश्श्यावर येते. हे कोणी करत नाही असं वाटत असेल तर एखाद्या पंपघराच्या माळ्यावर जाऊन बघा. उंची वाचवायची म्हणून सर्रास करतात.

लांबीचा हिशेब याहून कडक आहे. एकसारखा भार असेल तर झोळ लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. दहाऐवजी बारा फूट झाले, म्हणजे दोनच फूट वाढले, की तीच कडी दुपटीहून जास्त लवते. म्हणूनच कड्या नेहमी खोलीच्या आखूड बाजूनं टाकायच्या. आमच्या गोठ्यात त्या १४ फुटांच्या बाजूनं टाकल्या असत्या तर झोळ जवळजवळ चौपट झाला असता.

तोंडी लक्षात ठेवायला एक ढोबळ माप: लांबी इंचांत घ्या आणि वीसनं भागा, ती कडीची उंची. आठ फुटांना पाच इंच, दहा फुटांना सहा, बारा फुटांना सात-साडेसात. हे सोळा इंचांच्या अंतरासाठी आणि घरासारख्या भारासाठी. पोत्यांचे थर चढवायचे असतील तर इंचभर वर जा. आणि खोली चौदा-सोळा फूट रुंद असेल तर जाड कड्यांच्या मागे न लागता मधे बहाल टाकून खाली खांब द्या. सोळाच्या दोन आठ झाल्या की कडीवरचा झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. जुन्या घरांत पडवी, माजघर अशी खांबांची रांग असते ती याच हिशेबानं.

आणखी एक. वर दिलेले आकडे ओझं ठेवल्या दिवसाचे आहेत. लाकडावर भार वर्षानुवर्षं तसाच राहिला तर ते हळूहळू आणखी लवत जातं, आणि लाकूड ओलं असताना बसवलेलं असेल तर हा झोळ दुपटीपर्यंत जाऊ शकतो. पोटाळलेल्या कड्या पाहून लोक लाकडाला नावं ठेवतात. चूक बहुधा घाईची असते.

अंतर कोण ठरवतं?

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कड्यांमधलं अंतर सोळा इंचांवरून दोन फुटांवर नेलं तर प्रत्येक कडीवर दीडपट भार येतो आणि झोळही दीडपटच वाढतो. उंची आणि लांबीच्या पुढे हा फरक काहीच नाही. २ × ६ ची कडी दोन फुटांवरही अर्ध्या इंचाच्या आतच लवते. मग सुतार अंतरावरून इतके अडून का बसतात?

कारण अंतर कडीच्या सोयीनं ठरवायचंच नसतं. ते फळीच्या सोयीनं ठरवायचं असतं.

माळ्यावर भार एकसारखा पसरलेला नसतो. माणूस एका पायावर उभा असतो, तो पाय एका फळीवर असतो, आणि त्याच्या खांद्यावर पोतं असतं. ७० किलोचा माणूस आणि ५० किलोचं पोतं धरा. फळी सहा इंच रुंद, एक इंच जाडीची, रंधा मारून २० मिमी उरलेली. कड्या सोळा इंचांवर असतील तर पायाखालची फळी दीड मिमीच्या आसपास दबते, जाणवतही नाही. कड्या दोन फुटांवर असतील तर तीच फळी पाच मिमीहून जास्त दबते, आणि तिच्यावरचा ताण सागवानासाठी जो सुरक्षित धरतात त्याच्या पलीकडे जातो. अंतर दीडपट, पण फळीचं नाचणं साडेतीन पट. त्यात फळीत नेमकी तिथे गाठ असेल तर बोलायलाच नको.

आमच्या सुतारकाकांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: ‘अंतर वाढवलास तर फळी नाचतली. मगे माका सांगू नकात.’

‘मग फळी जाड घेऊ’ असं मी म्हणालो आणि हिशेब केला. सोळा इंचांवर कड्या टाकल्या तर बारा कड्या, दोन्ही टोकांचा भिंतीत जाणारा चार-चार इंचांचा टेकू धरून, म्हणजे पावणेअकरा घनफूट लाकूड. त्यावर इंची फळ्या, पावणेबारा घनफूट. एकूण साडेबावीसच्या आत-बाहेर. दोन फुटांवर टाकल्या तर कड्या आठच, सात घनफूट. पण फळ्या सव्वा इंची घ्याव्या लागतात, साडेचौदा घनफूट. एकूण साडेएकवीस-पावणेबावीस. सगळी उलाढाल करून घनफूटभरही लाकूड वाचलं नाही, आणि कड्यांचा झोळ मात्र दीडपट झाला. कड्यांत वाचवलं ते फळ्यांनी खाल्लं. चार कड्या कमी म्हणून ‘एवढ्यात होतं’ असं कोणी सांगितलं, तर त्यांना फळीची जाडी विचारा.

इथे जुन्या वाड्यांबद्दल थोडं. पुण्या-नाशिककडच्या वाड्यांत कडीपाट पाहिला की कड्या अगदी जवळजवळ दिसतात, आणि आपण म्हणतो, काय भक्कम काम करायचे पूर्वी! भक्कम होतंच. पण त्या फळ्यांवर मातीचा थर असायचा, चुन्याचा कोबा असायचा. चार इंच मातीचा थर चौरस मीटरला दीडशे-पावणेदोनशे किलो होतो. म्हणजे वर माणूस चढण्याआधीच घरभर भार कड्यांवर बसलेला. कड्या जवळ घालण्यावाचून त्यांना पर्यायच नव्हता. वरचा मातीचा थर काढून नुसत्या फळ्या ठेवणार असाल तर तेवढ्या दाट कड्यांची गरज नाही. आणि उलटही: आपल्या हलक्या माळ्यावर हौसेनं कोबा किंवा लादी घालणार असाल तर आधी खालच्या कड्यांना विचारा.

फळी, प्लाय की सिमेंट बोर्ड?

कोकणात हवेचा प्रश्न सगळ्यात आधी. जुलैत लाकूड फुगतं, मार्च-एप्रिलमध्ये आक्रसतं. सहा इंची फळी वर्षभरात मिमी-दीड मिमी रुंद-अरुंद होत राहते. दहा फुटांच्या रुंदीत अशा वीस फळ्या, म्हणजे एकूण पाऊण ते सव्वा इंचाची ये-जा. मे महिन्यात फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून ठोकल्या तर पावसाळ्यात त्या कुठेतरी उचलणारच. उन्हाळ्यात बसवत असाल तर फळी-फळीत थोडी फट सोडा आणि भिंतीपाशी बोटभर जागा. पावसाळ्यात बसवत असाल तर घट्ट बसवा, फटी आपोआप पडतील. त्या फटी गवताच्या माळ्यावर चालतात, किंबहुना चांगल्याच. खालून हवा खेळते. पण खाली माणसं बसणार असतील तर धूळ-भुसा डोक्यावर पडतो. तिथे टंग-ग्रूव्हची फळी घ्यावी, म्हणजे एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते अशी. तिचा दुसरा फायदा म्हणजे एका फळीवर पाय पडला की शेजारच्या दोघी हात देतात, नाचणं निम्म्यावर येतं.

लाकूड कुठलं, यावर गावागावात भांडणं होतील. सागवानाला तोड नाही, पण गोठ्याच्या माळ्याला सगळं सागवान ही चैन झाली. आम्ही कड्यांना किंजळ घेतला, फळ्यांना फणस. ऐनही चालतो; जड आणि मजबूत, फक्त सुकताना तडकतो. आंबा कड्यांना नको. स्वस्त असतो, पण त्याला कीड लगेच लागते आणि दोन-चार वर्षांत पिठासारखा भुसा पडायला लागतो. मोडलेल्या घरांचं जुनं लाकूड मिळालं तर सोनं. ते पन्नास वर्षं सुकलेलं असतं, जेवढं हलायचं तेवढं हलून झालेलं. फक्त खिळे काढा आणि टोकं तपासा.

प्लायचा हिशेब वेगळा. त्याचा ताव ८ × ४ फुटांचा, म्हणजे लांबी ९६ इंच. दोन तावांचा सांधा कडीच्या मध्यावरच पडला पाहिजे, नाहीतर तो कोपरा हवेत लोंबतो. ९६ ला १२, १६ आणि २४ नं पूर्ण भाग जातो. १८ नं जात नाही. आणि आपल्याकडे तर ‘दीड फुटावर कडी’ हे तोंडात बसलेलं माप. मग प्रत्येक तावाचे सहा इंच कापून फेकावे लागतात. शेजारच्या वाडीत एका पंपघरावर याहून मजेशीर प्रकार झाला. मालकानं सुताराला ‘सोळा इंच’ असं सांगितलं, त्यानं सोळा इंचांचा मोकळा गाळा सोडून कड्या बसवल्या. कडी दोन इंचांची, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत अठरा झाले. दुसऱ्या तावापासून एकही सांधा कडीवर बसेना. शेवटी कड्यांच्या बाजूला पट्ट्या ठोकून वेळ मारून नेली. म्हणून ‘सोळा इंच मध्यापासून मध्यापर्यंत’ असं पूर्ण वाक्य बोला. पहिला ताव भिंतीकडच्या कडीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो, त्यामुळे पहिल्या गाळ्याचं माप त्या कडेपासून दुसऱ्या कडीच्या मध्यापर्यंत धरा.

सोळा इंचांवर १८ मिमीचा प्लाय पुरतो, दोन फुटांवर २५ मिमीच्या खाली जाऊ नका. तावाची लांब बाजू कड्यांवर आडवी गेली पाहिजे. प्लायची ताकद त्याच दिशेला जास्त असते. सांधे विटांच्या थरासारखे मोडते घ्या. गोठ्यात पाण्याला टिकणाराच प्लाय लागतो, आयएस ७१० चा मरीन प्लाय असेल तर उत्तम. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड हे शहरातल्या कपाटांसाठी. कोकणातला एक पावसाळा त्यांचा पापड करतो.

बायसनसारख्या सिमेंटच्या बोर्डांना वाळवी लागत नाही, ते कुजत नाहीत. म्हणून हल्ली लोक त्यांच्याकडे वळतात. बरोबर आहे. पण १८ मिमीचा एक ताव सत्तर किलोच्या आसपास भरतो, तो वर चढवताना दोन माणसांचं काम नाही. आणि बोर्ड ठिसूळ, वाकण्यापेक्षा तडकणं पसंत करतो. त्याच्याखाली कड्या सोळा इंचांच्या वर नकोत आणि झोळाची कडक मर्यादा पाळायची, पावणेतीन सूतवाली.

लोखंडाचं काय? ज्यांना लाकूड परवडत नाही किंवा मिळत नाही त्यांच्यासाठी चॅनल हा चांगला पर्याय. ७५ मिमीचा सी-चॅनल उभा लावला तर ताठपणात २ × ६ सागवानी कडीच्या बरोबरीला येतो, उंची मात्र निम्मी. बसकी छपरं असतील तिथे हा मोठाच फायदा. १०० मिमीचा चॅनल तर अडीच पट ताठ, तो दोन फुटांवर निवांत टाका आणि वर जाड फळी किंवा २५ मिमी प्लाय घाला. समुद्रापासून चार-पाच मैलांत असाल तर आधी रेड ऑक्साइड, मग रंग, आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांना दुप्पट हात.

टोकं, भोकं आणि जिना

कडी बहुधा मधे कुजत नाही, टोकाला कुजते. चिऱ्याच्या भिंतीत पावसाळाभर ओल असते, तीत रुतलेलं टोक ती पीत राहतं, आणि वाळवीही भिंतीतूनच वर येते. चार इंच टेकू पुरतो, पण टोकाभोवती सिमेंट चेपून बसवू नका. तिन्ही बाजूंनी बोटभर हवा राहू द्या. टोकाच्या कापलेल्या तोंडावर काजूच्या टरफलांचं तेल दोन-तीन हात चढवा. बाकी लाकडाला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं द्रावण. पूर्वी चुलीचा धूर वर माळ्यात जायचा, लाकूड काळं व्हायचं पण कोरडं राहायचं आणि किडे लांब राहायचे. गॅस आला, धूर गेला, आणि माळ्यांना औषध लागायला लागलं.

वायरमनवर लक्ष ठेवा. पाइप न्यायला तो पटाशीनं कडीला खालून खाच मारतो. सहा इंची कडीला मध्यावर इंचभर खाच पडली की तिथे ती पाच इंची झाली, ताठपणा साठ टक्क्यांच्या खाली. भोक पाडायचंच असेल तर कडीच्या उंचीच्या मधोमध, छोटं, गोल. टोकाशी खालून खाच पाडली तर तिथून लाकूड आडवं चिरत जातं, तीही नको.

जिन्याचं तोंड कड्यांच्या दिशेनं लांब ठेवा. मग एखादीच कडी कापावी लागते. कापलेल्या कडीचं ओझं शेजारच्या दोघींवर जातं, म्हणून त्या दोन्ही जोडकड्या करायच्या. वरच्या वाशांना साखळीनं माळा लटकवण्याची कल्पना कोणी सुचवली तर हात जोडा. वासे कौलांसाठी असतात.

दहा फुटांच्या कड्यांमध्ये मध्यावर ठोकळ्यांची एक रांग ठोकली. उंच, अरुंद कड्या उभ्या राहतात खऱ्या, पण सुकताना पीळ घेतात. ठोकळे त्यांना धरून ठेवतात, आणि एकीवर पडलेला पाय दोघी-तिघींमध्ये वाटला जातो. हे काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

फळ्या स्क्रूनं बसवल्या. खिळे स्वस्त पडतात, पण लाकूड सुकलं की ढिले होतात, आणि मग रात्री कुणी कूस बदलली की माळा करकरतो.

काम संपलं त्या दिवशी मधल्या कडीच्या दोन टोकांना खालच्या बाजूनं दोरा ताणून बांधला आणि मध्यावर पेन्सिलीनं खूण केली. पोती, कौलं, पेट्या चढवल्या, खूण दोऱ्याच्या खाली दीड सूत आली. पहिल्या गणपतीनंतर पाहिलं तर दोन सूत. पुढच्या मे महिन्यात अडीच. त्यानंतर तीन पावसाळे झाले, खूण अजून तिथेच आहे.